मानमोडीचा तक्ता

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबई शहरात कोणत्या समाजातली किती माणसे दगावली, याचा एक तक्ता उपलब्ध आहे. दर हजारी मृत्यूंचे त्यातले आकडे असे आहेत: युरोपियन ८.३, पारशी ९, अँग्लो-इंडियन ११.९, ज्यू १४.८, देशी ख्रिस्ती १८.४, सवर्ण हिंदू १८.९ आणि मुसलमान १९.२. उरलेला आकडा सरकारी दप्तरात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून नोंदलेल्या माणसांचा आहे. तो ६१.६ आहे. शहर एक, रोग एक, महिनेही तेच. तरी महार, मांग, चांभार, मेहतर या जातींतली माणसे इतर हिंदूंच्या तिपटीहून अधिक आणि युरोपियनांच्या सातपटीहून अधिक प्रमाणात मेली. साथीला जातपात कळत नाही असे सर्रास म्हटले जाते. मुंबईच्या या तक्त्यापुढे ते विधान टिकत नाही.

त्या काळची मुंबई सुमारे दहा लाख वस्तीची होती. १९११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ९ लाख ७९ हजार भरली आणि १९२१ मध्ये ११ लाख ७६ हजार. यातली बहुसंख्य माणसे पोटासाठी बाहेरून आलेली होती. रत्नागिरी आणि साताऱ्याकडची माणसे गिरण्यांत, घाटावरचे हमाल गोदीत, तर निजामाच्या राज्यातून आलेले तेलुगूभाषक कामाठी बांधकामावर राबत. कामाठीपुऱ्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले जुलाहे, म्हणजे मुसलमान विणकर, दाटीवाटीने राहत. बेने इस्राएल कोकणातून आलेले आणि घरात मराठी बोलणारे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. माझगाव, गिरगाव भागांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि गोव्याचे ख्रिस्ती यांच्या वाड्या होत्या. पारशी संख्येने थोडे असले तरी व्यापार, वकिली, डॉक्टरी आणि गिरणीमालकीत पुढे होते. हे समाज शेजारी राहत, पण वस्ती, विहीर, स्मशान आणि दवाखाना या बाबतींत आपापल्या कुंपणात असत.

ही कुंपणे १९१८ मध्ये इतकी निर्णायक का ठरली, हे समजायला त्याआधीची बावीस वर्षे पाहावी लागतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला आणि घरात शिरून तपासणी, रुग्णाला उचलून नेणे, सामान जाळणे, प्रवाशांना अडवणे असे सारे अधिकार हाती घेतले. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली होती. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात प्लेगची तुकडी एका जुलाहा कुटुंबातल्या मुलीला तपासायला गेली. बायकांना परक्या पुरुषाने हात लावायचा, या गोष्टीवरून दंगल उसळली आणि गोळीबार झाला.

या विरोधानंतर सरकारने एक वेगळी वाट काढली. ज्या जातीजमाती स्वतःच्या खर्चाने रुग्णालय चालवतील, त्यांना आपले रुग्ण तिथे ठेवण्याची परवानगी मिळाली. पारशी, खोजा, मेमन, बोहरा, जैन अशा अनेक समाजांनी आपापली प्लेगची रुग्णालये उभी केली. आपल्या हातचे अन्न, आपल्या माणसाची शुश्रूषा आणि अंत्यविधी आपल्या रीतीने होण्याची खात्री मिळाल्यावर रुग्ण लपवणे कमी झाले. हाफकिनची लस आली तेव्हा खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः सर्वांदेखत टोचून घेतले आणि त्यांच्या अनुयायांची भीती गेली. साथीत माणसे कोणाचे ऐकतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे. पण या तोडग्यात एक मोठी उणीव होती. ज्या समाजाकडे शेटिये होते, पंचायत होती, ट्रस्ट होते, त्यालाच रुग्णालय मिळाले. मेहतरांच्या किंवा गोदीतल्या महार हमालांच्या रुग्णालयाला पैसा देणारा धनिक कोठून येणार? त्यांच्या वाट्याला आर्थर रोडच राहिला, किंवा तोही नाही.

पुण्यात त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्यासह प्लेगग्रस्तांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचे निधन झाले. महारवाड्यातून रुग्ण आणायला एका वृद्ध बाईला स्वतः जावे लागले, यावरून तिथवर बाकी कोणती व्यवस्था पोचत होती याचा अंदाज येतो.

मानमोडी आली ती पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात. इन्फ्लुएन्झाला मराठी मुलखाने दिलेले हे नाव, आणि त्यात रोगाचे वर्णनही आले: ताप भडकतो, अंग ठणकते आणि माणूस मान टाकतो. १९१८ च्या मे महिन्याअखेर सैनिकांना घेऊन आलेले एक जहाज मुंबईच्या बंदराला लागले. १० जूनला पोलिसांतल्या सात शिपायांना तापाने रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. त्यानंतर गोदी, बँका, टपाल कार्यालय आणि गिरण्या यांतली माणसे भराभर आजारी पडू लागली. महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी रोग जहाजातून आला असे नोंदवले, तर लष्करी अधिकाऱ्यांनी शहराच्या घाणीकडे बोट दाखवले. हा वाद चालू असतानाच जुलैच्या सुरुवातीला पहिली लाट शिगेला पोचली आणि महिनाअखेर ओसरली. सप्टेंबरात दुसरी लाट उसळली. ती अधिक मारक होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले.

या रोगावर तेव्हा औषध नव्हते. लस नव्हती, प्रतिजैविके यायला अजून वीसेक वर्षे होती, आणि रोग विषाणूमुळे होतो हेही ठाऊक नव्हते. बहुतेक मृत्यू तापानंतर होणाऱ्या न्यूमोनियाने होत. म्हणून माणूस जगणार की नाही, हे त्याच्या उशाशी कोण बसले आहे यावर बरेचसे ठरत असे. दोन-तीन दिवस अंथरुणावर पडून राहायची मुभा, पांघरूण, पिण्याचे पाणी, दूध किंवा भाताची पेज, कोरडी जागा आणि उठबस करणारे एक धडधाकट माणूस. साध्या वाटणाऱ्या या गोष्टी हीच त्या वेळची उपचारपद्धती होती. तक्त्यातला प्रत्येक आकडा या गोष्टी त्या समाजात किती घरांना मिळत होत्या याच्याशी ताडून पाहिला, की त्याचा उलगडा होऊ लागतो.

सर्वांत आधी जागा. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतली सुमारे दोन तृतीयांश माणसे एकखोली बिऱ्हाडात राहत होती आणि एका खोलीत सरासरी चार माणसे होती. ही सरासरी झाली. गिरणगावातल्या खोल्यांत पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा गडी असत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना चाळीतली खोलीसुद्धा सहज मिळत नसे, कारण घरमालक आणि इतर भाडेकरू दोघेही त्यांना नाकारत. त्यांच्यातले पुष्कळजण ताडामाडाच्या झावळ्यांनी आणि पत्र्याच्या तुकड्यांनी उभारलेल्या झोपड्यांत राहत. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने गर्दीच्या वस्त्या पाडल्या आणि काही चाळी बांधल्या. पाडलेल्या घरांच्या मानाने बांधलेली घरे थोडी होती, त्यामुळे उठवलेली माणसे शेजारच्या वस्तीत जाऊन तिथली दाटी वाढवत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत राहत होते. ते नोव्हेंबर १९१८ मध्ये, म्हणजे साथीची दुसरी लाट नुकतीच ओसरत असताना, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. परदेशी विद्यापीठात शिकलेल्या माणसाचाही पत्ता तोच होता.

मग मजुरी. कापडगिरणीत विणकाम खात्याला सर्वांत चांगला पगार मिळे. तिथे धोट्यात दोरा ओवताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा वापरी. विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्यांना या खात्यात शिरकाव नव्हता. त्यांना सूतकताईच्या कमी पगाराच्या कामावर, गोदीत, रेल्वेत किंवा सफाईत काम मिळे. हातावरचे पोट असल्याने अंगात ताप असतानाही कामावर जावे लागे. संडास आणि गटारे साफ करणारे मेहतर तर साथ असो वा नसो, शहराच्या घाणीतच उभे असत.

पाणी आणि शुश्रूषा यांची गोष्ट सर्वांत करुण आहे. एका खोलीतली सगळी माणसे एकाच वेळी आडवी झाली की नळावरून घागर आणणारे कोणी उरत नसे. हे इतर समाजांतही घडले, पण तिथे शेजारीण डोकावे, जातभाई दूध पोचवी. ज्यांच्या दाराला शेजारी शिवत नव्हते, त्यांच्याकडे पाणी कोण नेणार? या साथीत वीस ते चाळीस या वयातली माणसे जास्त मेली आणि हिंदुस्थानात त्यांतही बायकांचे प्रमाण मोठे होते. आजाऱ्याची सेवा त्याच करत आणि घरात उरलेले कमी अन्न त्यांच्याच वाट्याला येई. आई गेली की तान्हे मूलही मागोमाग जाई. अशी दोन माणसे एका आजाराने गेली, तरी दुसऱ्याची नोंद मानमोडीच्या खात्यात होत नसे.

आता तक्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. पारशी हा मुंबईतला अगदी छोटा समाज, शहराच्या लोकसंख्येच्या साधारण पाच टक्के. तरी त्यांचा मृत्युदर सवर्ण हिंदूंच्या निम्म्याहून कमी होता. गरीब पारशी नव्हते असे नाही. पण त्यांच्यासाठी धर्मादाय दवाखाने होते, पंचायतीचे ट्रस्ट होते, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून जेरबाई वाडिया यांच्या देणगीतून स्वस्त भाड्याच्या हवेशीर ‘बागा’ उभ्या राहू लागल्या होत्या. मुलींचे शिक्षण रुजले होते आणि समाजात डॉक्टर पुष्कळ होते. संख्येने अल्प असणे हे स्वतःहून घातक नसते, हे पारशांच्या आकड्यावरून दिसते. उलट, ज्यांना हिंदू म्हणून बहुसंख्याकांत मोजले जाई, पण जे प्रत्यक्षात त्या समाजाबाहेर ठेवले गेले होते, त्यांचा आकडा सर्वांत मोठा होता. अल्पसंख्याक कोण, हे डोकी मोजून ठरवणारी व्याख्या इथे अपुरी पडते.

मधल्या आकड्यांचे वाचन अधिक सावधपणे करायला हवे. मुसलमानांचा १९.२ हा आकडा खोजा व्यापाऱ्याला आणि मदनपुऱ्यातल्या हातमागवाल्याला एकाच ओळीत बसवतो. या दोघांच्या घरांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. ज्यूंच्या आकड्यात बगदादी धनिक आणि नोकरीपेशातले बेने इस्राएल एकत्र आहेत. देशी ख्रिस्ती म्हणजे ईस्ट इंडियन, गोव्याचा खलाशी आणि आचारी असे सगळेच. ईस्ट इंडियन वस्त्यांत प्लेगच्या काळी रोग टळावा म्हणून रस्त्याकडेला उभारलेले क्रूस आजही दिसतात. मानमोडीने अशी खूण फारशी मागे ठेवली नाही, कारण ती इतक्या वेगाने आली आणि गेली की नवस बोलायलाही सवड मिळाली नाही.

आकडे मांडताना हाताशी जनगणना होती ती १९११ ची. १९१८ मध्ये शहर युद्धकाळातल्या मजुरांनी आणि दुष्काळी खेड्यांतून आलेल्यांनी फुगलेले होते. बाहेरून आलेल्या गरिबांचे मृत्यू अंशात मोजले गेले, पण छेदात त्यांना जागा नव्हती. त्यामुळे ६१.६ हा आकडा काहीसा फुगलेला असू शकतो. तसे मानले तरी तिपटीचा फरक त्यातून निघून जात नाही. आणि दुष्काळातून जीव वाचवायला आलेली माणसे शहरात येऊन मेली, ही गोष्ट त्या आकड्याला अधिकच अर्थ देते.

१९१८ च्या साथीत सरकारने प्लेगसारखी सक्ती केली नाही. रोग इतका सर्वत्र पसरला होता की विलगीकरणाचा प्रश्नच उरला नव्हता, आणि बरेचसे डॉक्टर लष्करी सेवेत गुंतले होते. पत्रके निघाली: गर्दी टाळा, मोकळ्या हवेत झोपा, विश्रांती घ्या. एका खोलीत दाटीने राहणाऱ्या मजुराला हा उपदेश पाळणे शक्य नव्हते. प्रत्यक्ष मदत केली ती स्वयंसेवकांनी. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे कार्यकर्ते औषध आणि दूध घेऊन वस्त्यांत फिरले. जातीजमातींच्या संस्थांनीही दवाखाने उघडले, पण ते बहुधा आपापल्या माणसांसाठी होते. विठ्ठल रामजी शिंदे यांची डिप्रेस्ड क्लासेस मिशन ही संस्था १९०६ पासून परळ भागात काम करत होती. मार्च १९१८ मध्ये, साथ येण्याच्या जेमतेम अडीच महिने आधी, मुंबईतच सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद भरली होती. मोठमोठे पुढारी तिथे बोलले. साथ आली तेव्हा त्या ठरावांची शाई वाळून फार दिवस झाले नव्हते.

मुंबईत मेलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक माणसे खेड्यांत मेली. १९१८ चा पाऊस बुडाला, ज्वारी-बाजरी महागली, चारा संपला आणि अशा उपाशी मुलखात दुसरी लाट शिरली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे या साथीत गेली. रोग रेल्वेच्या मार्गांनी आत सरकला. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड असा सिकंदराबादला जाणारा निजामाचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला होता. या मार्गावरच्या स्थानकांतून उतरलेला माणूस बैलगाडीने किंवा पायी दिवसाभरात आसपासच्या कुठल्याही गावी पोचे. मराठवाडा ज्यात होता त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख होती. १९२१ मध्ये ती १ कोटी २५ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती माणसे वाढली नाहीत आणि होती त्यांतली नऊ लाख कमी झाली. दुष्काळ, प्लेग आणि मानमोडी यांचा हा एकत्रित हिशेब. मराठवाड्यासाठी मुंबईसारखा जातवार तक्ता कोणी केला नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणी वेगळ्या आडाचे, आणि दुष्काळात तो आड आधी आटायचा, एवढे मात्र तिथल्या प्रत्येक गावाला ठाऊक होते.

जगात इतरत्रही त्या वर्षी असेच घडले. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांचा मृत्युदर गोऱ्यांच्या जवळजवळ आठपट होता. पश्चिम सामोआ बेटांवर एका जहाजातून रोग उतरला आणि सुमारे एक पंचमांश लोकसंख्या संपली.

एकशे दोन वर्षांनी करोना आला तेव्हा महाराष्ट्र सरकारने मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. मुंबईचे चित्र मात्र काही बाबतींत बदललेले होते. १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला. तमिळ चर्मकार आणि कातडी कमावणारे, उत्तर भारतीय मुसलमान कारागीर, गुजराती कुंभार आणि मराठी कामगार अशी ही वस्ती, दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ लाखांहून अधिक माणसांची. बहुतेकांना सार्वजनिक शौचालयच वापरावे लागते. घरोघर तपासणी, शाळांत विलगीकरण आणि वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांची साथ यांमुळे धारावीतला प्रसार आटोक्यात आला. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांत रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी केली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेली होती. त्याच प्रभागांतल्या इमारतींत हे प्रमाण १६ टक्के होते. एकखोलीचे घर आणि सामाईक संडास यांचा हिशेब १९१८ सारखाच निघाला.

मृत्यूंचा हिशेब मात्र तसा निघाला नाही. मानमोडी ऐन तारुण्यातल्या माणसांवर तुटून पडली होती, करोना म्हाताऱ्यांवर. झोपडपट्टीत तरुण वस्ती जास्त, म्हणून लागणीच्या मानाने तिथले नोंदलेले मृत्यू कमी राहिले. तिथल्या माणसांना घाव बसला तो मजुरीवर आणि पोटावर. आणि काही समाजांना आणखी एका गोष्टीचा सामना करावा लागला, तो म्हणजे संशय. दिल्लीत निजामुद्दीनला झालेल्या तबलिगी मेळाव्यानंतर साऱ्या मुसलमानांकडे रोग पसरवणारे म्हणून पाहिले गेले आणि गावोगावी फेरीवाले, भाजीवाले यांना त्याची झळ लागली. ३० मार्चला मुंबई महापालिकेने धर्म कोणताही असो, करोनाने मृत झालेल्याचे दहनच करावे असे परिपत्रक काढले. ते काही तासांत मागे घेतले गेले. प्लेगच्या दिवसांत लोक ज्या भीतीने रुग्ण लपवत, तीच भीती त्या काही तासांत पुन्हा जागी झाली. पारशांनाही दोखम्यात, म्हणजे मृतदेह उघड्यावर ठेवण्याच्या त्यांच्या मनोऱ्यात, मृतदेह ठेवता येईना. त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२२ मध्ये सुटला. तबलिगींच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. संकटकाळी सत्ता बळीचा बकरा शोधते आणि या लोकांना तसे निवडल्याची शक्यता दिसते, असे न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे यांच्या निकालपत्राचे तात्पर्य होते.

टाळेबंदीतली एक अत्यंत भीषण घटना मराठवाड्यात, त्याच मनमाड-परभणी-पूर्णा लोहमार्गावर घडली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे वीस मजूर ७ मे २०२० च्या रात्री रुळांवरून चालत निघाले होते. शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले हे तरुण, त्यांतले बरेच गोंड आदिवासी. थकून ते करमाडजवळ रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत, अशी त्यांची समजूत होती. ८ मेच्या पहाटे मालगाडी त्यांच्यावरून गेली आणि सोळा जण ठार झाले. रुळांवर त्यांच्या शिदोरीतल्या भाकऱ्या पसरल्या होत्या.

त्या दिवसांत ऊसतोडीला गेलेली मराठवाड्यातली लाखाहून अधिक माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अडकली होती. त्यांत बंजारा तांड्यांवरची आणि दलित वस्त्यांवरची कुटुंबे मोठ्या संख्येने होती. एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना परतायची परवानगी मिळाली, तेव्हा अनेक ठिकाणी त्यांना गावाबाहेरच्या शाळांत किंवा शेतात पाल टाकून राहावे लागले. आठवडी बाजार बंद झाले. बाजारावर जगणारे कैकाडी, घिसाडी, वैदू, पोतराज यांचे उत्पन्न त्या दिवशीच थांबले. पालात राहणाऱ्या अनेक भटक्या कुटुंबांकडे शिधापत्रिका नव्हती. मोफत धान्य शिधापत्रिकेवर मिळत होते.

साथीतले मृत्यू गटवार मांडता येतात. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने मे २०२० मध्येच वांशिक गटांनुसार करोनाचे मृत्यू जाहीर केले. वय लक्षात घेता कृष्णवर्णीयांचा मृत्यूचा धोका गोऱ्यांच्या चौपटीहून अधिक असल्याचे त्यातून दिसले. घर, उत्पन्न, आरोग्य यांचा हिशेब धरल्यावर तो दुपटीच्या जवळ आला. म्हणजे फरकाचा मोठा भाग राहणीमानातून आलेला होता. भारतात करोनाचे मृत्यू जातीनुसार किंवा धर्मानुसार प्रसिद्ध झाले नाहीत. ज्या जनगणनेच्या आधारे असा तक्ता मांडता आला असता, ती २०२१ ची जनगणनाही महामारीमुळे ठरल्या वेळी झाली नाही. डॉ. टर्नरांच्या काळी असलेला जातवार मृत्यूंचा रकाना करोनाच्या वेळी उरला नव्हता.

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला दर हिवाळ्यात खंडोबाची यात्रा भरते. परभणी-नांदेड भागातल्या भटक्या जमाती तिथे जमतात. घोडे-गाढवांचा बाजार भरतो, सोयरिकी जमतात, जातपंचायती बसतात, आणि वर्षभरात कोण जन्मले, कोण गेले हे एकमेकांना कळते. सरकारी नोंदीत नसलेल्या या माणसांचा हा वर्षाचा हिशेब होता. करोनाच्या काळात ती यात्रा भरली नाही.